‘इथे सगळे मला ओळखतात’: लहान गावातील एका महाविद्यालयाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका लहान गावातील पदवी महाविद्यालयात घडलेले आहे. महाविद्यालय किंवा व्यक्ती ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत आणि काही जणांचे विषय व पदे मुद्दाम बदलली आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णयांमागील कारणे मात्र तशीच ठेवली आहेत. त्या वेळी नेमलेल्या विद्यार्थी कल्याण समितीचा सचिव म्हणून मी या कामात पहिल्या दिवसापासून होतो, त्यामुळे पुढील मांडणी पूर्णपणे तटस्थ असल्याचा दावा मी करणार नाही.

महाविद्यालयाची विद्यार्थिसंख्या काही शेकड्यांत होती. साधारण निम्मे विद्यार्थी वसतिगृहात राहत आणि बाकीचे गावातून किंवा आसपासहून ये-जा करत. काही विभागांत शेवटच्या वर्षाला दहाही विद्यार्थी नसत. बहुतेक प्राध्यापक गावातच राहत असल्यामुळे सकाळी वर्गात शिकवणारे सर संध्याकाळी रस्त्यावर, बँकेत किंवा दवाखान्याच्या रांगेतही भेटत. जवळच्या शहराकडे जाणारी शेवटची बस संध्याकाळी लवकर सुटत असे आणि ती गेली की वसतिगृहातल्या मुलांचा दिवस तिथेच संपत असे.

प्रकरणाला तोंड फुटले ते एका अर्जामुळे. दुसरे वर्ष उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेल्या एका विद्यार्थिनीने शहरातील मोठ्या महाविद्यालयात प्रवेश घेण्यासाठी दाखला मागितला आणि अर्जातील ‘कारण’ या रकान्यात ठसठशीत अक्षरांत एकच वाक्य लिहिले: ‘इथे सगळे मला ओळखतात.’ तिने रकाना नीट वाचला नसावा असे कार्यालयातील लिपिकाला वाटले. ‘अगं, कारण लिही, कौतुक नको,’ असे म्हणून त्याने अर्ज परत केला. दुसऱ्या दिवशी तिने तोच अर्ज, एक अक्षरही न बदलता, पुन्हा खिडकीत सरकवला. तेव्हा तो प्राचार्यांकडे गेला आणि त्यांच्या लक्षात आले की हे वाक्य आपण आधीही वाचले आहे. आदल्या वर्षीच्या माहितीपत्रकात, विद्यार्थ्यांच्या मनोगतांच्या पानावर, त्याच मुलीच्या छायाचित्राखाली तेच वाक्य छापलेले होते.

प्रश्न नेमका कोणता होता

दाखला मागणारे विद्यार्थी दरवर्षीच असतात आणि त्यात काही वावगे नाही. त्या वर्षी वेगळे हे होते की दुसऱ्या वर्षातून जाऊ पाहणाऱ्यांमध्ये अभ्यासात मागे पडलेले जवळजवळ कोणी नव्हते. ज्यांच्या जिवावर महाविद्यालयाचे सगळे उपक्रम चालत तीच मुले निघाली होती. शिक्षककक्षातील पहिले स्पष्टीकरण अपेक्षेप्रमाणे होते: गाव लहान आहे, मुलांना झगमगाट हवा असतो, आपण काय करणार. हे स्पष्टीकरण सोयीचे होते, कारण त्यात महाविद्यालयाला काही करावे लागत नव्हते.

वार्षिक अभिप्राय फॉर्मही या समजुतीला आधार देत होते. पाचपैकी गुण देण्याच्या नेहमीच्या पद्धतीने घेतलेल्या या फॉर्मांची सरासरी वर्षानुवर्षे तीनच्या आसपास येत असे आणि अहवालात त्यापुढे ‘समाधानकारक’ असा शेरा पडत असे. समितीने जुने गठ्ठे कपाटातून काढून एकेक फॉर्म वाचायला घेतला, तेव्हा या तीनचा अर्थ हळूहळू उलगडू लागला. शिक्षकांना पाच आणि संध्याकाळच्या वेळेला एक देणाऱ्या विद्यार्थ्याची सरासरी तीन येते. ज्याला कशाचेच काही वाटत नाही आणि जो कंटाळून सगळीकडे मधल्या चौकोनात खूण करतो त्याचीही तीनच येते. पहिल्याला महाविद्यालयाबद्दल खूप काही वाटते आहे आणि दुसऱ्याला काहीच वाटत नाही, तरी अहवालात दोघे शेजारीशेजारी बसतात. अभिवृत्तीमापनातील ही अडचण जुनी आहे. कॅल्मन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञाने 1972 मध्ये संमिश्र भावना आणि उदासीनता यांतला हा गोंधळ मांडला होता आणि अनुकूल व प्रतिकूल भावना एकाच पट्टीवर न मोजता स्वतंत्रपणे विचाराव्यात असा मार्ग सुचवला होता. आमच्या फॉर्ममध्ये तेवढी सोय नव्हती.

पहिला प्रयत्न आणि त्यातील चूक

समितीने नवा फॉर्म तयार केला. प्रत्येक बाबीपुढे दोन रकाने ठेवले: ‘यातले काय आवडते’ आणि ‘यातले काय खुपते’. फॉर्मवर नाव लिहायचे नव्हते. तो वर्गशिक्षकांनी वर्गात वाटावा आणि तासाच्या शेवटी गोळा करावा असे ठरले. हा निर्णय बैठकीत पाच मिनिटांत झाला आणि तीच आमची सर्वांत महागात पडलेली चूक ठरली.

ज्या वर्गात नऊ विद्यार्थी आहेत आणि ज्यांच्या वह्या शिक्षक दोन वर्षे तपासत आले आहेत, तिथे नाव न लिहिण्याला काही अर्थ उरत नाही, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नाही. फॉर्म गोळा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी एका सरांनी व्हरांड्यात एका मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हटले, ‘रात्री फार एकटं वाटतं असं लिहिलंस ना? मला आधी सांगायचंस की रे.’ सरांच्या बोलण्यात मायेखेरीज काही नव्हते. मुलगा कसनुसा हसला. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट वसतिगृहाच्या प्रत्येक खोलीत पोहोचली, आणि ज्या वर्गांचे फॉर्म भरायचे राहिले होते त्यांच्याकडून आलेल्या फॉर्मांत दोन्ही रकान्यांत फक्त स्तुती होती. ‘काय खुपते’ या रकान्यात एकाने लिहिले होते, ‘सुट्टी लागते ते खुपते.’

इथे पहिला खरा निर्णय घ्यावा लागला. जमलेले फॉर्म वापरावेत, कारण निम्म्यांत तरी मोकळेपणाने लिहिलेले आहे, असे समितीतील दोघांचे म्हणणे होते. प्राचार्यांनी ते मानले नाही. सगळे फॉर्म रद्द करून त्यांनी विद्यार्थ्यांना सभागृहात बोलावले आणि नेमके काय चुकले ते, त्या मुलाचा किंवा त्या सरांचा उल्लेख न करता, सांगितले. यात पाच आठवडे वाया गेले असे तेव्हा अनेकांना वाटले. पुढे जे मोकळे बोलणे झाले ते या कबुलीशिवाय झाले नसते, असे आता मला वाटते.

त्यानंतर दुसऱ्या गावातील एका महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या समुपदेशक मॅडमना बोलावण्यात आले. त्यांनी इच्छुक विद्यार्थ्यांशी एकेकटे बोलायचे, कोणाचेही नाव टिपायचे नाही आणि किमान पाच जणांनी स्वतंत्रपणे सांगितलेलीच गोष्ट समितीपुढे ठेवायची, अशी अट त्यांनी स्वतःच घातली. ज्या प्रसंगांत व्यक्ती ओळखू येण्याचा धोका होता, ते त्यांनी संबंधित विद्यार्थ्याची परवानगी घेऊनच सांगितले.

बोलण्यातून काय पुढे आले

मॅडमच्या अहवालाचे सार असे होते की विद्यार्थ्यांना जे आवडते आणि जे खुपते त्या दोन वेगळ्या याद्या नाहीत. एकाच गोष्टीची ती दोन टोके आहेत.

त्यांनी सांगितलेला एक प्रसंग समितीतील कोणीच विसरलेले नाही. वसतिगृहातील एक मुलगा सकाळी तापाने फणफणून खोलीत पडून होता. दुसऱ्या तासाला तो दिसला नाही म्हणून सरांनी वर्गातून एकाला खोलीवर पाठवले आणि दुपारच्या आत तो डॉक्टरांपुढे होता. मोठ्या महाविद्यालयात आपण दोन दिवस तसेच पडून राहिलो असतो, असे तो मुलगा आजही सांगतो. त्यानंतर काही महिन्यांनी तोच मुलगा एका मैत्रिणीबरोबर एक दुपार गावाबाहेरच्या तळ्याकाठी जाऊन बसला, आणि संध्याकाळी त्याला वडिलांचा फोन आला. तास चुकवून तो तिकडे दिसल्याचे कोणीतरी सरांना सांगितले होते आणि सरांनी ते घरी कळवले होते. ताप आला तेव्हा ज्या नजरेने त्याला वाचवले, त्याच नजरेने तळ्याकाठी त्याला गाठले. त्यातली एक ठेवून दुसरी काढून टाकण्याची काही यंत्रणा महाविद्यालयाकडे नव्हती.

दुसरा धागा कामाचा होता. रॉजर बार्कर आणि पॉल गम्प यांनी 1964 मध्ये अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील लहान-मोठ्या हायस्कूलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. मोठ्या शाळेत उपक्रमांची यादी लांब असते, पण लहान शाळेतील मुलाला प्रत्यक्ष जबाबदारीची कामे जास्त वाट्याला येतात, कारण काम करायला माणसेच कमी असतात, असे त्यांना आढळले. तो अभ्यास शालेय मुलांचा असला तरी आमच्याकडचे चित्र त्याहून वेगळे नव्हते. दाखला मागणारी विद्यार्थिनी एकाच वर्षात भित्तिपत्रकाची संपादक, ग्रंथालय समितीची सदस्य, संघाची कर्णधार, वर्गप्रतिनिधी आणि स्नेहसंमेलनाची सूत्रसंचालक होती. शहरात गेली असती तर यांतले एकही पद तिला कदाचित मिळाले नसते, हे तिलाही मान्य होते. पण प्राचार्यांशी बोलताना तिने सांगितले, ‘सर, नाही म्हणायला जागाच नव्हती. मी नाही म्हटलं असतं तर भित्तिपत्रक निघालंच नसतं.’ आपल्यावाचून अडते ही भावना पहिल्या वर्षी अंगावर मूठभर मांस चढवते आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस पाठीवर ओझे होऊन बसते.

तिसरी गोष्ट बाहेरच्या जगाशी असलेल्या तुटपुंज्या संपर्काची. ती अपेक्षितच होती. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये दाखवले होते की नव्या संधींची माहिती जवळच्या मित्रांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते, कारण जवळच्यांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. आमच्याकडे सगळेच एकमेकांच्या जवळचे होते, त्यामुळे एका खोलीत जी नोकरी माहीत नाही ती दुसऱ्या खोलीतही माहीत नसे.

गावातच राहणाऱ्या विद्यार्थ्यांची तक्रार थोडी वेगळी होती आणि तिच्याकडे आम्ही तोवर लक्षच दिले नव्हते. ‘घरातून निघून पुन्हा घरातच आल्यासारखं वाटतं,’ असे त्यांच्यापैकी अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितले.

विचारात घेतलेले पर्याय

संस्थेच्या व्यवस्थापनाचा कल पहिल्यापासून बांधकामाकडे होता. करमणुकीसाठी नवे दालन आणि वेगवान इंटरनेट दिले की प्रश्न मिटेल, असे त्यांना वाटत होते. अशी गोष्ट उद्घाटनाला आणि छायाचित्राला सोयीची असते, हेही खरे. समितीने हा पर्याय फेटाळला नाही, पण मागे ठेवला, कारण अहवालात जागेच्या अभावापेक्षा मोकळिकीच्या अभावाबद्दल अधिक बोलले गेले होते. दर शनिवारी शहरात नेणारी बस सुरू करावी ही विद्यार्थी प्रतिनिधींची मागणी होती. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक पालक-शिक्षक नेमावा असा प्रस्ताव काही प्राध्यापकांनी तळमळीने मांडला. मात्र आधीच पुरेशा असलेल्या नजरांत आणखी एका नजरेची भर, असा त्याचा अर्थ विद्यार्थी घेतील हे त्यांना पटायला दोन बैठका लागल्या. ज्यांना जायचे त्यांना जाऊ द्यावे आणि काहीच करू नये, असेही एका ज्येष्ठ सदस्याने सुचवले. तो पर्याय आम्ही जितक्या पटकन बाजूला सारला तितक्या पटकन सारायला नको होता, असे मागे वळून पाहताना वाटते, कारण जाणे हे प्रत्येक वेळी अपयश नसते.

सर्वाधिक वाद घरी फोन करण्याच्या प्रथेवर झाला. विद्यार्थ्याशी आधी बोलल्याशिवाय त्याच्या घरी काहीही कळवू नये, असा नियम समितीने सुचवला. गणिताचे एक ज्येष्ठ सर यावर उभे राहिले. काही वर्षांपूर्वी एक मुलगा हळूहळू सगळ्यांपासून तुटत चालला आहे हे वसतिगृहाच्या रखवालदाराच्या लक्षात आले होते, त्याने सरांना सांगितले होते आणि सरांनी त्याच रात्री घरी फोन केला होता. ‘मी तेव्हा परवानगी मागत बसलो असतो तर?’ एवढेच त्यांनी विचारले. बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नव्हते, आणि तळ्याकाठच्या फोनचे समर्थन करण्यासाठी तेच उदाहरण पुढे करता येत नव्हते, हेही तितकेच खरे होते.

प्रत्यक्ष काय केले

अखेर नियम असा झाला की जिवाला किंवा प्रकृतीला धोका दिसत असेल तर शिक्षकाने लगेच घरी कळवावे आणि इतर कोणत्याही बाबतीत आधी विद्यार्थ्याशी बोलावे. हजेरी कमी असल्याचे पत्र ठरलेल्या तारखांनाच आणि कार्यालयामार्फतच जाईल. कोण कुठे दिसले ही माहिती घरी पोहोचवणे हे शिक्षकाचे काम मानले जाणार नाही. नियमाचा मसुदा त्या गणिताच्या सरांनीच लिहिला. धोका म्हणजे काय याची व्याख्या करण्याचा मोह त्यांनी टाळला आणि शंका आली तर समुपदेशकांना विचारावे एवढेच लिहिले.

पदांबाबत ठरले की एका विद्यार्थ्याला वर्षभरात दोनपेक्षा अधिक जबाबदाऱ्या देऊ नयेत आणि माणूस मिळाला नाही तर उपक्रम त्या वर्षी बंद ठेवावा. या नियमाच्या उत्तरार्धाला सर्वांत जास्त विरोध झाला. उपक्रम बंद पडणे ही महाविद्यालयाची नाचक्की आहे, असे मानण्याची सवय जुनी होती.

ग्रंथालयाचे वाचनदालन रात्री दहापर्यंत उघडे ठेवण्यात आले. त्याची किल्ली आणि नोंदवही विद्यार्थ्यांच्या हाती दिली, आणि या वेळेत तिथे कोणी शिक्षक थांबणार नाही असे जाहीर केले. शनिवारची बस महिन्यातून दोनदा सुरू झाली. माजी विद्यार्थ्यांची विभागवार यादी करून प्रत्येक शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याची दोन अनोळखी माजी विद्यार्थ्यांशी गाठ घालून देण्याचे कामही हाती घेतले, पण ते पहिल्या वर्षी अर्धवटच राहिले.

परिणाम

वाचनदालन चालले, आणि आम्हाला वाटले होते त्यापेक्षा वेगळ्या कारणाने चालले. तिथे येणारी निम्मी मुले अभ्यास करत नसत. नुसती बसत, हळू आवाजात बोलत, कधी टेबलावर डोके टेकून झोपत. पहिल्या महिन्यात एका प्राध्यापकांनी खिडकीतून हे पाहून तक्रार केली. प्राचार्यांनी तक्रार वाचून फाइलला लावली आणि काहीच केले नाही. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत नेमका निर्णय होता.

दोन पदांच्या नियमामुळे त्या वर्षी प्रश्नमंजुषा स्पर्धा झाली नाही आणि भित्तिपत्रकाचे दोन अंक निघाले नाहीत. तिसरा अंक निघाला तो दोन पहिल्या वर्षाच्या मुलांनी काढलेला होता. त्यात शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या आणि तोवर कधीच कशात न दिसलेली सात नावे होती. घरी फोन करण्याचे प्रकार कमी झाले, पूर्णपणे थांबले नाहीत. पुढच्या वर्षी दाखले मागणाऱ्यांची संख्या किंचित उतरली. एवढ्या लहान आकड्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये, असे समितीने अहवालात स्पष्ट लिहिले आहे.

जिच्या अर्जावरून हे सगळे सुरू झाले ती विद्यार्थिनी मात्र थांबली नाही. नियम बदलेपर्यंत तिचा प्रवेश झालेला होता. दिवाळीच्या सुट्टीत ती ग्रंथालयात आली तेव्हा तिने सांगितले की नव्या महाविद्यालयात ती आठवडाभर आजारी होती आणि परत वर्गात गेल्यावर ती नव्हती हे कोणाच्याच लक्षात आले नसल्याचे तिला कळले. ‘पहिल्या दिवशी रडू आलं,’ ती म्हणाली, ‘आणि दुसऱ्या दिवशी फार हलकं वाटलं.’ जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी 1903 मधील एका निबंधात महानगर माणसाला लहान गावापेक्षा अधिक स्वातंत्र्य देते आणि तिथल्या गर्दीत तो सर्वाधिक एकाकीही होतो, असे म्हटले होते. तिने तेच दोन वाक्यांत सांगितले. परत यावेसे वाटते का, असे ग्रंथपालांनी विचारले. त्यावर ती ‘वाटतं की’ म्हणाली आणि शेवटच्या बसची वेळ झाली म्हणून उठली.

काय वेगळे करता आले असते

फॉर्म गोळा करण्याची चूक वर सांगितलीच आहे. दुसरी उणीव अशी की वसतिगृहातल्या मुलांचे प्रश्न आम्हाला दिसत होते म्हणून जवळजवळ सर्व उपाय त्यांच्यासाठीच झाले. रात्री दहापर्यंत उघडे असलेले दालन ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याच्या काही उपयोगाचे नव्हते आणि घरातून निघून घरातच आल्यासारखे वाटणाऱ्यांना आम्ही काहीच देऊ शकलो नाही. त्यांच्यासाठी एक सत्र दुसऱ्या महाविद्यालयात काढण्याची सोय व्हावी असा विचार झाला होता, पण श्रेयांकांच्या नोंदी जुळवण्याच्या कटकटीपुढे तो मागे पडला.

माजी विद्यार्थ्यांच्या यादीचे काम शेवटी न घेता सुरुवातीलाच घ्यायला हवे होते. त्याला बांधकाम लागत नव्हते आणि कोणाचा विरोधही नव्हता. कदाचित म्हणूनच त्याची घाई कोणाला वाटली नाही. त्या यादीतून शेवटच्या वर्षाच्या ज्या थोड्या मुलांची गाठ पडली, त्यांतल्या एकाला पहिल्याच फोनमध्ये अशा एका प्रवेशपरीक्षेची माहिती मिळाली जिचे नाव त्याच्या विभागात कोणीच ऐकले नव्हते.

माहितीपत्रकाचा मुद्दाही शिल्लक आहे. नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला दोन्ही बाजू आधीच कळाव्यात म्हणून मनोगतांच्या पानावर ‘काय आवडते’ आणि ‘काय खुपते’ असे दोन्ही रकाने छापावेत, अशी शिफारस समितीने केली होती. प्राचार्यांनी ती मान्य केली, मात्र व्यवस्थापनाने छपाईपूर्वी दुसरा रकाना काढून टाकला. ग्रंथपालांनी मूळ पानाची छायाप्रत वाचनदालनाच्या दारावर लावली, ती अजून तिथे आहे. तेच पान या वर्षीच्या माहितीपत्रकासाठी पुन्हा पाठवले असून व्यवस्थापनाचे उत्तर अद्याप आलेले नाही.